विश्लेषण : ड्राफ्टमध्ये ६०वा, संघात बाकावर… तरीही द्राझेन पेत्रोविचने युरोपीय खेळाडूंकडे पाहण्याची एनबीएची नजर कशी बदलली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला मध्यरात्रीच्या एका सौद्यात लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडले आणि जगभरचे बास्केटबॉलप्रेमी चक्रावून गेले. स्लोव्हेनियाचा, ऐन पंचविशीतला, जगातील पहिल्या पाच खेळाडूंत ज्याचे नाव सहज येते असा माणूस संघ देऊन कसा टाकतो, हा सगळ्यांचा प्रश्न होता. त्याआधी ३४ वर्षे, म्हणजे जानेवारी १९९१ मध्ये, जुन्या युगोस्लाव्हियातून आलेल्या अशाच एका खेळाडूचा सौदा झाला होता. त्या वेळी मात्र अमेरिकेत कुणाला फारसे वाईट वाटले नाही. संघाला तो नकोसाच झाला होता. त्याचे नाव द्राझेन पेत्रोविच. पुढच्या अडीच वर्षांत तो लीगमधल्या सर्वोत्तम १५ खेळाडूंत जाऊन बसला आणि २८व्या वर्षी जर्मनीतल्या एका महामार्गावर गेला.

आज एनबीएत युरोपीय खेळाडू असणे यात काहीच नवल राहिलेले नाही. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’चा किताब अमेरिकेत जन्मलेल्या एकाही खेळाडूला मिळालेला नाही. पण १९८०च्या दशकात चित्र नेमके उलटे होते. ते बदलण्यास सुरुवात कुठून झाली, हे समजून घ्यायचे तर पेत्रोविचची गोष्ट ठाऊक हवी.

शिबेनिकचा मुलगा

पेत्रोविचचा जन्म २२ ऑक्टोबर १९६४ रोजी शिबेनिक येथे झाला. एड्रियाटिक समुद्राकाठचे हे क्रोएशियातील जुने बंदर. तेव्हा क्रोएशिया हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. वडील सर्ब, पोलीस खात्यात. आई बिसेर्का क्रोएट, ग्रंथालयात कामाला. घरात हे दोन्ही वंश एकत्र नांदत होते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. थोरला भाऊ अलेक्झांडर, म्हणजे आत्सो, चांगला बास्केटबॉल खेळायचा. त्याच्या मागे मागे धाकटाही मैदानावर गेला.

त्याच्या सरावाच्या कथा शिबेनिकमध्ये अजूनही सांगतात. सभागृहाची किल्ली त्याच्याकडेच असायची, पहाटे शाळेच्या आधी तो एकटाच जाऊन शेकडो बास्केट टाकायचा, रात्री सगळे गेल्यावर पुन्हा तेच. अशा कथांना काळानुसार मीठमसाला लागतो हे खरे. पण पुढे पोर्टलंड आणि न्यू जर्सीतल्या सहकाऱ्यांनीही त्याच्याबद्दल हेच सांगितले. सरावाला सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी जाणारा.

पंधराव्या वर्षी तो शिबेंका या स्थानिक क्लबच्या मुख्य संघात आला. छोट्या गावाचा हा संघ १९८२ आणि १९८३ अशी सलग दोन वर्षे युरोपातील कोराच चषकाच्या अंतिम फेरीत गेला. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोजकडून हरला. १९८३ मध्येच युगोस्लाव्ह लीगच्या निर्णायक सामन्यात त्यांची गाठ सारायेवोच्या बोस्ना संघाशी पडली. वेळ संपली तेव्हा शिबेंका एका गुणाने मागे होता आणि अठरा वर्षांच्या पेत्रोविचला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने दोन्ही टाकले. ८३-८२. गाव रात्रभर रस्त्यावर होते. दुसऱ्या दिवशी महासंघाने पंचांच्या निर्णयात गडबड झाल्याचे सांगून निकाल रद्द केला आणि त्रयस्थ ठिकाणी पुन्हा सामना खेळण्याचा आदेश दिला. शिबेंकाने नकार दिला, विजेतेपद बोस्नाला गेले. मैदानात जिंकलेले कागदावर हरता येते, हा धडा त्याला मिसरूड फुटतानाच मिळाला.

युरोपचा सर्वांत हुशार आणि सर्वांत नकोसा

एक वर्ष सक्तीच्या लष्करी सेवेत घालवून १९८४ मध्ये तो झाग्रेबच्या चिबोना क्लबमध्ये आला. आत्सो तिथेच होता. पहिल्याच हंगामात चिबोनाने युरोपियन चॅम्पियन्स कप जिंकला. अथेन्समधील अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध पेत्रोविचचे ३६ गुण होते. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये चिबोनाने सोव्हिएत संघराज्यातील झालगिरिस काउनासला हरवून कप राखला. त्या सामन्यात झालगिरिसचा सव्वासात फुटी सेंटर आर्विदास साबोनिस चिबोनाच्या खेळाडूला मारल्यामुळे बाहेर काढला गेला.

ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने ल्युब्लियानाच्या ऑलिम्पिया संघाविरुद्ध एका सामन्यात ११२ गुण केले. हा आकडा समाजमाध्यमांवर आजही फिरतो. मात्र एक गोष्ट त्यासोबत सहसा सांगितली जात नाही. नोंदणीच्या घोळामुळे ऑलिम्पियाने त्या दिवशी कनिष्ठ संघातली पोरे उतरवली होती. विक्रम खरा आहे, पण त्यावरून त्याची थोरवी मोजू नये. त्यासाठी इतर सामने पुरेसे आहेत.

आणि तो वागायला कसा होता? प्रतिस्पर्ध्यांच्या दृष्टीने असह्य. बास्केट टाकल्यावर हात पसरून नाचणे, प्रेक्षकांना डिवचणे, समोरच्या खेळाडूला चेंडू दाखवून हुलकावणी देणे, असे सगळे तो करायचा. माद्रिदमध्ये तर त्याच्या नावाने बोटे मोडली जात. त्याच माद्रिदने १९८८ मध्ये त्याला घसघशीत रक्कम देऊन करारबद्ध केले. १९८९च्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात इटलीच्या कासेर्ताविरुद्ध त्याने ६२ गुण केले आणि रेआलने जादा वेळेत ११७-११३ असा विजय मिळवला. समोर ब्राझीलचा ऑस्कर श्मिट ४४ गुण करून हरला.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांना ही पद्धत थोडी वेगळी वाटेल. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. शाळेच्या मैदानावर दोन कॅप्टन आलटून पालटून गडी निवडतात, त्यातलाच हा प्रकार. संघ एकामागून एक नवोदितांची नावे घेतात. आधीच्या हंगामात ज्यांची कामगिरी वाईट, त्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. एकदा नाव घेतले की एनबीएत त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या संघाचा. खेळाडूला संघ निवडता येत नाही. आणि संघ हा हक्क किंवा करार दुसऱ्या संघाला देऊ शकतो. त्यालाच ‘ट्रेड’ म्हणतात. बहुतेक वेळा त्यासाठी खेळाडूची परवानगी लागत नाही. सकाळी एका शहरात सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराचा झालेला असतो.

आज ड्राफ्टच्या दोनच फेऱ्या होतात. जून १९८६ मध्ये त्या सात होत्या. पहिल्या फेरीनंतर बहुतेक संघांच्या दृष्टीने तो रद्दीचा ढीग असे. खालच्या फेऱ्यांत संघ नशिबावर हवाला ठेवून परदेशी नावे टाकून ठेवत, कारण त्यात गमावण्यासारखे काही नव्हते. तो खेळाडू येईलच याची खात्री नाही. पूर्व युरोपात सरकार, महासंघ, क्लब अशा तिघांचा होकार लागायचा, युगोस्लाव्हियात तर परदेशी जाण्यासाठी वयाची अटही होती. शिवाय एनबीएत खेळलेला माणूस तेव्हाच्या नियमांनुसार ऑलिम्पिकला मुकत असे.

त्या वर्षी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने मात्र युरोपची यादीच उघडली होती. पहिल्या फेरीत २४व्या क्रमांकावर साबोनिस, दुसऱ्या फेरीत ग्रीसचा पानायोतिस फासुलास आणि तिसऱ्या फेरीत ६०व्या क्रमांकावर पेत्रोविच. दोन वेळा युरोपचा विजेता ठरलेल्या संघाच्या म्होरक्याआधी ५९ जणांची नावे पुकारली गेली. त्यातील कित्येकांची नावे आज माहीतगारांनाही आठवणार नाहीत. (आपल्याकडचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसने निवडला होता. ड्राफ्टमध्ये निवड होणे आणि एनबीएत खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या उदाहरणावरूनही दिसले.)

त्या काळी युरोपीय खेळाडूंबद्दलचा समज पक्का होता. लांबून नेम चांगला, पण अंगात ताकद नाही, पाय मंद, बचाव येत नाही. १९८६-८७ मध्ये स्पेनचा फर्नांडो मार्टिन पोर्टलंडकडून २४ सामने खेळला, बहुतेक काळ बाकावर बसला आणि माद्रिदला परतला. दोन वर्षांनी रेआलमध्ये तो पेत्रोविचचा सहकारी होता. डिसेंबर १९८९ मध्ये मार्टिनही मोटार अपघातातच गेला.

पोर्टलंडमध्ये काय बिघडले?

एप्रिल १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’ने व्यावसायिक खेळाडूंना ऑलिम्पिकचे दार उघडले. मोठा अडसर दूर झाला. त्याच उन्हाळ्यात युरोपातून पाच जण एनबीएत दाखल झाले. लेकर्सकडे व्लादे दिवाच, सॅन अँटोनिओकडे झार्को पास्पाल्य, सोव्हिएत संघराज्यातून शारूनास मार्चुल्योनिस आणि अलेक्झांडर वोल्कोव्ह, आणि पोर्टलंडकडे पेत्रोविच. रेआलचा त्याच्यावर हक्क होता. त्यावरून तंटा झाला आणि भरपाई ठरल्यावरच त्याची सुटका झाली.

पोर्टलंडमध्ये त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर होते. दोघेही ऐन भरात. संघ जिंकत होता आणि १९९०च्या अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे डेट्रॉइटकडून हरला. जिंकणारी जोडी कोण बदलणार? प्रशिक्षक रिक अ‍ॅडलमन यांच्या जागी दुसरा कुणी असता तरी बहुधा हेच केले असते. पेत्रोविचला पहिल्या हंगामात सामन्यामागे साडेबारा मिनिटे मिळाली, त्यात साडेसात गुणांची सरासरी. आकडे वाईट नाहीत. पण ज्याच्या हातात चेंडू द्यायचा आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचे अशी पद्धत युरोपात दहा वर्षे चालली, त्याला कोपऱ्यात उभे राहून वाट पाहायला सांगितले गेले.

१९९०च्या उन्हाळ्यात पोर्टलंडने डॅनी एंज या अनुभवी गार्डला घेतले आणि पेत्रोविच आणखी मागे गेला. दुसऱ्या हंगामात १८ सामने, प्रत्येकी सरासरी सात मिनिटे. अनेक सामन्यांत तो मैदानावर उतरलाच नाही. इकडे युगोस्लाव्हियासाठी तो जगज्जेता झाला होता, तिकडे ट्रॅकसूट काढायचीही वेळ येत नव्हती. त्या दिवसांत रोज फोनवर बोलायला एक माणूस होता, लॉस एंजेलिसमधला दिवाच. आणि नेमका तोही दुरावला.

झेंड्याचा प्रसंग

ऑगस्ट १९९०. ब्युनोस आयर्समध्ये युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला हरवून जागतिक अजिंक्यपद पटकावले. जल्लोष सुरू असताना एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात घुसला. सर्ब असलेल्या दिवाचने तो त्याच्या हातातून हिसकावला. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा आहे, सर्बियाचा झेंडा असता तरी आपण हेच केले असते, असे त्याचे म्हणणे होते आणि आजही आहे. क्रोएशियात त्याचा अर्थ वेगळा लागला. देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता. तीनच महिन्यांपूर्वी झाग्रेबमध्ये दिनामो आणि रेड स्टार यांच्या फुटबॉल सामन्यात दंगल उसळली होती. एका घरात जमिनीवर पडलेले कापड दुसऱ्या घरात छातीवरची जखम होते, असे ते दिवस होते.

राष्ट्रीय संघात एकाच खोलीत राहणारे हे दोघे. पेत्रोविचने दिवाचशी बोलणे हळूहळू तोडले. १९९१च्या जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, सप्टेंबरमध्ये खुद्द शिबेनिकवर तोफगोळे पडले. मग तर बोलण्यासारखे काही उरलेच नाही. पेत्रोविचचे वडील स्वतः सर्ब होते. त्यामुळे त्याच्या अबोल्याचे कारण केवळ द्वेष असावा, हे पटत नाही. घरी बॉम्ब पडत असताना देशाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस सर्बियाच्या खेळाडूच्या गळ्यात हात टाकून दिसला असता तर त्याच्या माणसांनी काय म्हटले असते, हे ओझेही त्यात होते.

नकोशा सौद्यातून न्यू जर्सी

२३ जानेवारी १९९१ रोजी तीन संघांत मिळून सौदा झाला. डेन्व्हर नगेट्सचा ज्येष्ठ खेळाडू वॉल्टर डेव्हिस पोर्टलंडला गेला आणि पेत्रोविच न्यू जर्सी नेट्सकडे. पोर्टलंडचा विचार साधा होता. आताच जेतेपद हवे, त्यासाठी आताचा कामाचा माणूस हवा. जेतेपद काही आले नाही.

नेट्स हा तेव्हा लीगमधला टाकाऊ संघ. आधीच्या हंगामात ८२ पैकी १७ सामने जिंकलेला. गमावण्यासारखे काही नसलेल्या संघाला एक गोष्ट परवडते, ती म्हणजे नव्या माणसाला मैदानावर राहू देणे. उरलेल्या ४३ सामन्यांत त्याला २० मिनिटे मिळाली आणि सरासरी थेट १२.६ गुणांवर गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने वजन आणि ताकद वाढवण्यावर मेहनत घेतली. १९९१-९२ मध्ये सगळेच्या सगळे ८२ सामने, २०.६ गुण. संघ १९८६ नंतर प्रथमच बाद फेरीत. १९९२-९३ मध्ये प्रशिक्षक चक डेली यांच्या हाताखाली २२.३ गुण, निम्म्याहून अधिक फटके बास्केटमध्ये आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून जवळपास ४५ टक्के. गार्डसाठी हा आकडा आजच्या काळातही डोळे विस्फारायला लावतो. आणि आज खेळाडू एका सामन्यात दहा-दहा वेळा तिथून फेकतात. त्या वेळी प्रशिक्षक त्याला धोक्याचा फटका मानत. पेत्रोविच वीस वर्षे लवकर जन्मला, असे वाटते ते यामुळे.

दोन हंगामांच्या मध्ये बार्सिलोना ऑलिम्पिक झाले. क्रोएशियाचा नवा देश, नवा झेंडा. उपांत्य फेरीत माजी सोव्हिएत खेळाडूंच्या ‘युनिफाइड टीम’वर ७५-७४ अशी निसटती मात. अंतिम फेरीत जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, बर्ड यांची ‘ड्रीम टीम’. क्रोएशिया सुरुवातीला काही क्षण २५-२३ असा पुढे होता, शेवटी ११७-८५ असा हरला. पेत्रोविचचे २४ गुण, जॉर्डनचे २२. याच स्पर्धेतल्या गटसामन्यात जॉर्डन आणि पिपेन यांनी टोनी कुकोचला अक्षरशः श्वास घेऊ दिला नव्हता. कारण काय, तर शिकागो बुल्सने कुकोचला १९९०च्या ड्राफ्टमध्ये घेतले होते आणि व्यवस्थापक त्याचे गोडवे गात होते. युरोपीय पोराचे एवढे कौतुक त्या दोघांना पचले नव्हते.

हा सल पेत्रोविचलाही होता. १९९३च्या ऑल-स्टार सामन्यात त्याला घेतले नाही. त्याच जानेवारीत त्याने ह्यूस्टनविरुद्ध ४४ गुण केले होते, गुणांच्या यादीत तो वरच होता. हंगामाच्या शेवटी त्याची लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात निवड झाली, म्हणजे सगळ्या स्थानांवरच्या पहिल्या १५ जणांत. तोपर्यंत करार संपला होता. अमेरिकेत आपल्याला पुरेसा मान मिळत नाही, या भावनेतून युरोपात परतण्याचा विचार त्याच्या मनात घोळत होता.

७ जून १९९३

क्रोएशियाचा संघ पोलंडमध्ये युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी गेला होता. परतताना फ्रँकफर्टला विमान बदलायचे होते. पेत्रोविचने संघासोबत झाग्रेबला न जाता मैत्रिणीच्या मोटारीने पुढे जायचे ठरवले. संध्याकाळची वेळ, पाऊस पडत होता. बव्हेरियात इंगोलश्टाटजवळ डेंकेनडॉर्फ येथे समोरून येणारा एक ट्रक दुभाजक तोडून महामार्गावर आडवा आला आणि त्यांची मोटार त्याच्यावर आदळली. पेत्रोविच पुढच्या आसनावर झोपला होता, पट्टा लावलेला नव्हता. मोटारीतल्या इतर दोघी वाचल्या.

झाग्रेबच्या मिरोगोय स्मशानभूमीत त्याला निरोप द्यायला लोटलेली गर्दी एखाद्या राष्ट्रप्रमुखासाठी व्हावी तशी होती. देश युद्धातून पुरता बाहेर पडलेला नव्हता आणि त्याचा सर्वांत ओळखीचा चेहरा गेला होता. तीन-चार आठवड्यांनी त्याच जर्मनीत झालेल्या युरोपीय स्पर्धेत त्याच्याविना क्रोएशियाने कांस्यपदक जिंकले.

पुढे काय झाले?

नेट्सने नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याचा ३ क्रमांक निवृत्त केला. संघ ब्रुकलिनला गेल्यावर तो क्रमांकही सोबत गेला. २००२ मध्ये त्याला अमेरिकेतील बास्केटबॉल ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. झाग्रेबमधल्या चिबोनाच्या सभागृहाला त्याचे नाव आहे आणि शेजारी संग्रहालय आहे.

एनबीएतला बदल एका रात्रीत झाला नाही. साबोनिस पोर्टलंडला पोहोचला तो १९९५ मध्ये, निवडीनंतर नऊ वर्षांनी, गुडघे आणि घोटे झिजल्यावर. १९९८ मध्ये मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर घेतलेला जर्मन पोरगा डर्क नोव्हित्स्की त्याच रात्री डॅलसला देऊन टाकला, हा आता इतिहासातला सर्वांत महाग पडलेला सौदा मानला जातो. २००६ मध्ये इटलीचा आंद्रेया बार्न्यानी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला युरोपीय ठरला, २०२३ मध्ये तो मान फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बन्यामाला मिळाला. आणि सर्बियाचा निकोला योकिच? २०१४ मध्ये ४१वा. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थाची जाहिरात सुरू होती. पारख करणाऱ्यांची नजर सुधारली असली तरी चुका संपलेल्या नाहीत.

दिवाच आणि पेत्रोविच यांच्यात पुन्हा समेट झालाच नाही. २०१० मध्ये त्यांच्या मैत्रीवर आलेल्या माहितीपटात दिवाच अनेक वर्षांनी झाग्रेबला जातो, रस्त्यावर लोक त्याला ओळखून वळून पाहतात. तो बिसेर्का आणि आत्सो यांना भेटतो आणि मग मिरोगोयला जाऊन थडग्याशी दोघांचे जुने छायाचित्र ठेवतो.